मिठीच्या आधी सातबारा

गणपतीत आमच्या गावच्या मंडळाने शाळेच्या मैदानात पडदा बांधून एक सिनेमा लावला. दोन भावांची बोलचाल वीस वर्षं बंद. थोरल्याला मोठा आजार होतो. धाकटा शहरातून गाडीने येतो. आधी टोमणे, मग माळ्यावरची जुनी ट्रंक, ट्रंकेत आईचं लुगडं, मग भर पावसात मिठी, आणि शेवटी थोरला हसत डोळे मिटतो. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण तो एकटा नाही. मराठीत, हिंदीत, आता मोबाइलवरच्या मालिकांतही असे येतच असतात. माणसं बदलतात, ट्रंक तीच राहते. सिनेमा संपला तेव्हा बायांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले होते आणि बाप्यांच्या बाजूला एकाएकी सगळ्यांना खोकला आला होता.

दुसऱ्या दिवशी पारावर भांडण जुंपलं. पुण्या-नागपूरला नोकरी करणारी, सणाला आलेली पोरं एकीकडे. त्यांचं म्हणणं, हा रडवायचा धंदा आहे, सनई लावून अश्रू पिळतात, खऱ्या आयुष्यात असं काही होत नसतं. दुसरीकडे साठी ओलांडलेले. त्यांचं म्हणणं, असे सिनेमे शाळेत दाखवले पाहिजेत, आजकाल भाऊ भावाले ओळखत नाही. तासभर हेच. माझे वडील पाराच्या कडेला बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "थोरला तर दवाखान्यात पडून होता, मंग तवा त्याच्या वावरात कोन होतं?" दोन्ही बाजू हसल्या. म्हातारा सिनेमा पाहतानाही पराटीच (कपाशीच) पाहतो, असं कोणीतरी म्हटलंही. मला मात्र त्या तासाभरात विचारला गेलेला कामाचा प्रश्न तेवढाच वाटला.

कारण रडू खरं की खोटं, संस्कार हवे की नको, हा वादच मुळात बाजूला पडायला हवा. माझं म्हणणं सरळ आहे. घरात मोठं आजारपण शिरलं की नात्यात जे घडतं त्याचा गाभा सेवा असतो, समेट नव्हे. सेवा समेटावाचून होते, आमच्या भागात रोज होते, आणि समेट झाला म्हणून सेवा होतेच असंही नाही. हे सिनेमे सेवेला समेटाची पायरी करून टाकतात: माणूस दवाखान्यात येतो तो शेवटी मिठी मारता यावी म्हणून. त्यामुळे मिठी न मारता सहा आठवडे उशाशी बसलेल्या माणसाच्या वाट्याला या गोष्टींत काहीच येत नाही. आणि जी व्यक्ती सकारण आली नाही, तिच्या वाट्याला फक्त खलनायकी येते.

हे मी ऐकीव सांगत नाही. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, आणि वडील यांची बोलचाल सतरा वर्षं बंद होती. कारण धुरा, म्हणजे शेताचा बांध. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावरचं निंबाचं झाड कोणाच्या बाजूला येतं, यावरून सुरू झालेलं भांडण तालुक्याच्या कोर्टापर्यंत गेलं. वाटणी घरगुती, कागदावर नाही. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं. घरं एकमेकांना लागून, मधली भिंत एक. एका घरात भाजी फोडणीला टाकली की दुसऱ्या घरात शिंका यायच्या, एवढाच संबंध. मग 2019 च्या पावसाळ्याच्या तोंडावर मोठेबाबांच्या गालाच्या आतली जखम भरेना. आयुष्यभर खर्रा (तंबाखू-सुपारी) खाल्लेला माणूस. नागपूरला तपासलं, कॅन्सर निघाला, ऑपरेशन सांगितलं.

आता सिनेमात इथे फोन वाजतो आणि धाकट्याच्या हातातून कप पडतो. आमच्याकडे चुलतभाऊ फाटकात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, दवाखान्यावाले सातबारा मांगून रायले." महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तेव्हा पिवळं आणि केशरी रेशनकार्ड चालायचं. पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्याला फक्त चौदा जिल्ह्यांत सवलत होती: मराठवाड्याचे आठ आणि आमच्या यवतमाळसकट विदर्भातले सहा, म्हणजे ज्यांना सरकारदरबारी शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणतात ते. त्यासाठी सातबारा जोडावा लागे. (आता योजना सगळ्यांनाच लागू झाली, तेव्हा नव्हती.) मोठेबाबांचं कार्ड पांढरं. तलाठी चार दिवस सज्जावर नव्हता. आणि ताजा सातबारा गावात एकाच माणसाकडे होता, माझ्या वडिलांकडे, कारण पुढच्या आठवड्यात त्यांना तो भावाविरुद्ध कोर्टात लावायचा होता. वडील आत गेले, पिशवीतून कागद काढला, आणि देता देता म्हणाले, "झेरॉक्स नाही चालत तिथं. मी येतो संगं." ज्या कागदावरून सतरा वर्षं भांडण, तोच कागद दवाखान्याच्या खिडकीवर, योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रापुढे. कोणी पटकथेत असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा ओढून ताणून आहे.

ऑपरेशननंतर रेडिएशन. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीस वेळा. चुलतभावाची नोकरी कंत्राटी, त्याला एवढी सुट्टी मिळेना. सोबतीला वडील राहिले. दिवस फवारणीचे, दोन्ही वावरांत पराटी कमरेएवढी. मोठेबाबांच्या जिभेचा एक भाग काढलेला, नाकात नळी, बोलणं बंद. हे मुद्दाम लिहितो, कारण पडद्यावरचा आजारी माणूस शेवटच्या श्वासापर्यंत घडाघडा बोलतो. आमच्याकडे खर्ऱ्याने जो कॅन्सर होतो तो आधी वाचाच नेतो. ज्याची अर्धी जीभ गेली त्याने माफी मागायची तरी कशी?

त्यांना एक पाटी आणून दिली होती, शाळेतल्या पोरांची. मी भेटायला गेलो तेव्हाचं सांगतो. वडील मोठ्या सिरिंजमधून नळीत दूध सोडत होते, सावकाश, हात वर धरून. मोठेबाबांनी पाटी ओढली आणि एकच शब्द लिहिला: "पराटी". वडिलांनी वाचलं. पण बोलचाल बंद असलेला माणूस दुसऱ्याशी थेट बोलत नाही, मध्ये कोणीतरी लागतो. कोणी नसला तर भिंत चालते. वडील सलाइनच्या स्टँडकडे पाहत म्हणाले, "पात्या लागल्या म्हना. दोनी वावरात फवारा झाला." मोठेबाबांनी पाटी पुसली. सहा आठवड्यांत त्या दोघांमध्ये झालेला संवाद, मला माहीत आहे तेवढा, हाच आणि असाच. पोळ्याच्या दिवशी घरी बैल सजले, वडील नव्हते. दोन्ही घरच्या बैलजोड्या मीच तोरणाखाली नेल्या. त्याचा दवाखान्यात कोणी उल्लेख केला नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, हाच तर समेट. शब्द नसतील, पण मनं जुळली. असं म्हणायचा मोह मलाही झाला. मोठेबाबा फेब्रुवारीत गेले. वडिलांनी डोकं भादरलं, दहा दिवस सुतक पाळलं, तेरवीच्या पंगतीत वाढायला उभे राहिले. आणि मार्चच्या तारखेला कोर्टात हजर झाले. मी चिडून विचारलं, आता तरी सोडा. ते माझ्याकडे असे पाहू लागले जसं काही मी दोन वेगळ्या पोत्यांतला माल एकत्र करतोय. "दवाखान्यात गेलो म्हून धुरा सोडून देला का म्या?" त्यांच्या लेखी भाऊ आजारी पडणं हे एक काम होतं आणि निंबाचं झाड हे दुसरं. पहिल्यासाठी दुसरं माफ करायची गरज नव्हती, आणि दुसरं बाकी आहे म्हणून पहिलं टाळायची सोयही नव्हती. हा कोरडेपणा आहे असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, यात फार मोठी उदारता आहे आणि ती पाहायची आपल्याला सवयच नाही, कारण पडद्याने आपल्याला दुसरीच सवय लावली आहे.

विरोधी बाजूचे मुद्दे हलके नाहीत. पहिला म्हाताऱ्यांचा. ते म्हणतात, सिनेमा पाहून एकाने जरी भावाला फोन केला तरी पुरे. खरं आहे. त्या गणपतीच्या रात्रीनंतर आमच्या गावातल्या एका माणसाने आर्णीला दिलेल्या बहिणीला चार वर्षांनी फोन लावला, हे मला माहीत आहे. भेटीची ओढही सिनेमावाल्यांनी शोधलेली नाही. ती आपल्या बोलीत आहे. म्हातारं माणूस दिवसेंदिवस अडकून राहिलं की आपण म्हणतो, कोणात तरी जीव अडकलाय, आणि रुसून गेलेल्या मुलाला निरोप धाडतो. पण त्या म्हणीत काय मागितलंय ते नीट पाहा. मुलाने यावं, दिसावं, तोंडात पाणी घालावं. त्याने काय बोलावं हे त्यात कुठे आहे? सुतकाचंही तसंच. बोलचाल बंद असो, कोर्टात केस असो, भाऊ गेला की सुतक लागतं. मनात प्रेम आहे का, हे कोणी विचारत नाही. आपल्या रूढींना दोष द्यायला जागा पुष्कळ आहे, मीही देतो, पण एवढी एक गोष्ट त्यांना कळली होती: कर्तव्य मनाच्या हवाल्यावर सोडलं तर ज्याचं मन दुखावलेलं आहे तो कधीच येणार नाही.

आणि परंपरेचंच बोलायचं तर आपल्याकडचा सगळ्यात ठळक मृत्युशय्येचा प्रसंग कोणता? शरपंजरी पडलेले भीष्म, आणि त्यांना भेटायला आलेला कर्ण. आयुष्यभर एकमेकांना टोचून बोलले, इतके की भीष्म सेनापती आहेत तोवर मी शस्त्र धरणार नाही म्हणून कर्ण दहा दिवस रणाबाहेर राहिला. भीष्म पडल्यावर तो आला, पायाशी उभा राहिला. भीष्मांनी त्याला जवळ घेतलं, तू कुंतीचा मुलगा आहेस, पांडवांकडे जा, म्हणाले. कर्ण गेला का? त्याने लढायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि तो होता त्याच बाजूने रणात उतरला. व्यासांना मिठी लिहिता येत नव्हती असं कोणी म्हणणार नाही. भेट झाली, मान दिला गेला, बाजू बदलली नाही. संस्कार हवे असतील तर हा घ्या की. आजच्या सिनेमात मात्र कर्णाला सकाळी पांडवांच्या तंबूत नाश्ता करताना दाखवल्याशिवाय निर्माता पैसे लावणार नाही.

दुसरा मुद्दा पोरांचा, रडवायच्या धंद्याचा. इथे मी त्यांच्या बाजूने अजिबात नाही. माझं आजोळ ब्रह्मपुरीकडचं, झाडीपट्टीतलं. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) भरली, शंकरपट (बैलांची शर्यत) झाला की रात्री नाटक. वडश्याच्या कंपन्या येतात, रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. त्यात तुटलेले भाऊ असतात, खंगलेली आई असते, शेवटी रडारड असते. लहानपणी मामीच्या मांडीवर झोपून मी ती नाटकं पाहिलीत. मामी हमसून रडायची, पुढच्याच प्रवेशात लावणी आली की डोळे पुसून हसायची, आणि सकाळी धान बांधायला जायची. तिला कोणी फसवलं नव्हतं. ती रडायला तिकीट काढून गेली होती, रडली, हलकी झाली, घरी आली. त्या प्रेक्षकाला भोळा समजणारे आपण फार शहाणे आहोत असं नाही. भडक अभिनय, मोठा आवाज, सनई, मला काहीच वर्ज्य नाही. तक्रार अश्रूंबद्दल नाहीच. ते चुकीच्या माणसासाठी, चुकीच्या क्षणी काढले जातात, एवढीच आहे. पावसातल्या मिठीला रडणारा माणूस सिरिंज वर धरून थांबलेल्या हाताला का रडू शकणार नाही? त्याला तो हात कोणी दाखवत नाही.

हात म्हटल्यावर आईचं सांगायला हवं. मोठेबाबा घरी आले तेव्हा मोठीआई हयात नव्हती. नळीतून दर दोन-तीन तासांनी काही ना काही द्यायचं, तोंडातली जखम धुवायची, रात्रीचं लघवीचं भांडं. हे कोणी केलं? माझ्या आईने. मोठेबाबा तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. तीस वर्षं ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली न पडू देता वावरली, समोरून जायची वेळ आली तर मागच्या दाराने गेली. डोक्यावर पदर धरून सिरिंज धरता येत नाही, एक हात अडकतो. पहिल्या दिवशी तिने क्षणभर विचार केला आणि पदर कमरेला खोचला. मोठेबाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून नाही फिरवलं. भावाभावांच्या कुठल्याही मिठीपेक्षा या घरात घडलेली मोठी गोष्ट ही होती, आणि तिला साक्षीदार मी एकटा. या सिनेमांत भावजय काय करते? दारात उभी राहून डोळ्याला पदर लावते आणि दोन भावांसाठी चहा आणते. आजारपणाचं नव्वद टक्के काम जिच्या हाताने होतं तिला गोष्टीत प्रेक्षक करून ठेवायचं, आणि मग त्याला कुटुंबाचा सिनेमा म्हणायचं?

माझा सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र पुढचाच आहे. समेटाचा शेवट बंधनकारक केला की न आलेल्यांवर अन्याय होतो. 2005 च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला. आमच्या भागात त्यानंतर काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे: रक्षाबंधनाला साडी देऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या, आणि जिने सही केली नाही तिचं माहेर बंद झालं. आता समजा त्याच भावाच्या किडन्या गेल्या. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारट, हे समजा म्हणण्याची गरज नाही, तिथे गावोगावी आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारी माणसं आहेत. डॉक्टर विचारतो, रक्ताचं कोण आहे? अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा वाचला तर गंमत दिसते. नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊ-बहीण यांना जवळचे नातेवाईक मानलं आहे. परक्याला द्यायचं असेल तर समितीपुढे जिव्हाळा सिद्ध करावा लागतो. म्हणजे प्रेमाचा पुरावा परक्याने द्यायचा. बहिणीकडे कोणी तो मागत नाही, कारण बहिणीचं प्रेम गृहीत आहे, तिचा वाटा मात्र नाही. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र देशभर आहेच. कायदा तिला नाही म्हणायची मोकळीक देतो. पण गणपतीत असा सिनेमा पाहून आलेली आत्या, मावशी, शेजारीण तिला ती देते का? "शेवटी भाऊच ना तो." ती गेली तर देवी, नाही गेली तर दगड. ती किडनी देईल आणि वाट्याचा दावाही चालू ठेवेल, अशी तिसरी शक्यता आपल्याला सुचतच नाही. ती सुचावी म्हणून तर गोष्टी हव्या असतात.

रक्ताचं नातं आजारपणात धावून येतंच, या समजुतीला तर विदर्भाइतकं मोठं खंडन दुसरीकडे कुठे नसेल. इथल्या मागच्या शतकातल्या आजारपणाचा इतिहास आठवा. महारोग (कुष्ठरोग) झाला की घरच्यांनी माणसाला गावाबाहेर काढायचं. त्या माणसांसाठी मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले, संस्कृतचे पंडित, अंगभर महारोग; त्यांना चोळायला घरचं कोणी नव्हतं, गांधी स्वतः बसायचे. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. ऐंशीच्या दशकात नवी औषधं आली, रोग बरा होऊ लागला. बरे झालेले सगळे घरी गेले का? पुष्कळांना घरच्यांनी घेतलंच नाही, पुष्कळ स्वतःच गेले नाहीत. त्यांनी तिथेच संसार केले, म्हातारे झाले. त्यांना टाकणाऱ्या भावांना त्यांनी माफ केलं की नाही, हे आपण विचारत नाही, आणि विचारू नये. आणि ज्यांच्या नावाने आपण संस्कारांचे गोडवे गातो ते गाडगेबाबा? 1905 मध्ये घर सोडून निघाले, कीर्तनात असताना मुलगा गेल्याची बातमी आली तरी कीर्तन थांबवलं नाही. आज मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये उपचाराला गेलेला आमच्याकडचा गरीब माणूस दादरला त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत उतरतो. घरापासून तुटलेल्या माणसाच्या नावाखाली, परक्यांच्या शेजारी पथारी टाकून, सख्खा किंवा चुलत किंवा नुसता गाववाला सोबती उशाशी घेऊन. या माणसांना कुठल्या ट्रंकेतून लुगडं काढून दाखवणार?

यावर एक जाणता मित्र म्हणाला, तू नात्याचा नुसता व्यवहार करून टाकतोस. सातबारा, सिरिंज, फवारा; मग माया कुठे राहिली? आणि असल्या कागदपत्रांतून नाटक कसं उभं राहणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. 2004 चा 'श्वास' आठवावा. खेड्यातला आजोबा, नातवाच्या डोळ्याला कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण नजर जाईल. आणि डॉक्टर अडून बसतो की हे त्या पोराला आधी सांगितलंच पाहिजे. सगळा सिनेमा दवाखान्याच्या त्या एका अटीवर उभा आहे, आणि तो पाहून कोणाचे डोळे कोरडे राहिले? दवाखान्याचं कामकाज हा नाट्याचा शत्रू नाही, ते पाहायला बसायचा कंटाळा हा आहे.

पहिला प्रश्न अवघड आहे, आणि त्यात तथ्य आहे. नुसत्या व्यवहाराने माणूस जगत नाही. सहा आठवडे स्टँडशी बोलण्याऐवजी वडील एकदा तरी भावाशी बोलले असते तर मलाही बरं वाटलं असतं, मोठेबाबांनाही कदाचित. मी समेटाच्या विरोधात नाही, होत असेल तर सोन्याहून पिवळं. पण व्यवहार म्हणजे मायेचा अभाव, हे समीकरण कोणी शिकवलं? 2007 मध्ये आईवडिलांच्या पोटगीचा कायदा झाला. प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत देण्याचा हुकूम मुलावर होऊ शकतो. तेव्हाही हेच रडगाणं होतं, की आता माया कोर्टातून मिळणार का. कायद्याने माया मागितलीच नव्हती, औषधाचे पैसे मागितले होते. म्हातारीला मायाही हवी असते, पण बीपीची गोळी मायेची वाट पाहत नाही. आमच्यासारख्या गावांत, जिथे दवाखाना दीडशे किलोमीटरवर आणि हंगाम दारात, तिथे कोणाचं तरी वावर पाहणं, कोणाचा तरी कागद वेळेत पोचवणं, हीच मायेची बोली आहे. तिला भाषांतर करून मिठीत आणल्याशिवाय ती कळत नाही असं मानणारा माणूस शहरातलाच असतो असं नाही. गणपतीच्या रात्री खोकणाऱ्यांत मीही होतोच.

बाकी, आमचा दावा अजून उभाच आहे. कोर्टाने मोजणी करायला सांगितली, भूमी अभिलेखची तारीख दिवाळीनंतरची लागली. फी चुलतभावाने भरली, अर्धी वडिलांनी दिली, पावतीची झेरॉक्स घेऊन. निंबाचं झाड गेल्या उन्हाळ्यात वठायला लागलंय, मोजणीपर्यंत टिकेल असं दिसत नाही. मोठेबाबांची पाटी मात्र आमच्याच घरी राहून गेली. कोणी मागितली नाही, आम्ही दिली नाही. आई तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिते, दोन्ही घरचा.